पेट्रोलच्या झाकणाचा दिवा जात नाही, गॅरेजवाला कॅनिस्टर बदला म्हणतो

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत एडिसनला राहणारे एक गृहस्थ. २०१५ ची जपानी एसयूव्ही, लाखभर मैल झालेली. पेट्रोल भरून आले आणि दोन-तीन दिवसांनी डॅशबोर्डवर ‘टायटन फ्यूएल कॅप’, म्हणजे ‘टाकीचं झाकण घट्ट लावा’, अशी अक्षरं उमटली. झाकण काढून पुन्हा घट्ट लावलं, परत एकदा लावलं, अक्षरं जागची हलेनात. आठवड्याने जोडीला चेक इंजिनचा पिवळा दिवाही लागला. जवळच्या गॅरेजने गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचला आणि ‘कॅनिस्टर (पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा डबा) गेलाय, नऊशे डॉलर’ असं सांगितलं. पुढच्या महिन्यात गाडीचं इन्स्पेक्शन आहे. गाडी चालवावी का, कॅनिस्टर बदलावा का, आणि इन्स्पेक्शनला काय होईल?

नऊशे डॉलर आत्ता देऊ नका. गाडी खुशाल चालवा. या दिव्यामुळे इंजिनाला काही होत नाही, मायलेजमध्ये जाणवेल असा फरक पडत नाही. दोनच गोष्टींवर लक्ष ठेवा. गाडीत किंवा गाडीजवळ पेट्रोलचा उग्र वास येत असेल, गाडीखाली ओल दिसत असेल, तर ती बंदिस्त गॅरेजमध्ये ठेवू नका आणि लगेच दाखवा. आणि चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता उघडझाप करत असेल तर ती इंजिनाच्या मिसफायरची, म्हणजे आत पेट्रोल नीट न पेटण्याची, खूण आहे, तिचा झाकणाशी संबंध नाही. तेव्हा मात्र गाडी बाजूला घ्यायची.

आता मूळ मुद्दा. झाकणात सेन्सर नसतो. दार नीट लागलं नाही की दिवा लागतो, तसा एखादा स्विच झाकणाला असावा अशी बहुतेकांची समजूत असते. झाकणाकडे एकही वायर जात नाही, गाडी उघडून पाहिलीत तरी सापडणार नाही. टाकी आणि तिच्या नळ्या मिळून हवाबंद आहेत की नाही, एवढंच कॉम्प्युटर तपासतो. हवा निसटतेय असं दिसलं की पहिला संशय झाकणावर घेतो, कारण त्या सगळ्या व्यवस्थेत माणसाचा हात वरचेवर लागतो अशी ती एकच जागा. म्हणजे संदेश झाकणाचं नाव घेत असला तरी तो अंदाज आहे. हे लक्षात आलं की पुढचा बराचसा गोंधळ मिटतो. घट्ट केल्यावर दिवा लगेच का गेला नाही, आणि नवीन झाकण आणूनही काहींचा का जात नाही, दोन्हींची उत्तरं इथेच आहेत.

पेट्रोल टाकीत नुसतं पडून असलं तरी त्याची वाफ होत राहते. ती हवेत जाऊ नये म्हणून अमेरिकेत १९७१ च्या मॉडेलपासून, आणि कॅलिफोर्नियात त्याच्या वर्षभर आधीपासून, गाड्यांत वाफ धरून ठेवायची सोय करावी लागते. टाकीतली वाफ नळीवाटे एका डब्यात जाते. तो डबा म्हणजे कॅनिस्टर, त्यात सक्रिय कोळसा भरलेला असतो आणि वाफ त्याला चिकटून बसते. इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन ती वाफ ओढून घेतं आणि जाळतं. कॅनिस्टरच्या दुसऱ्या टोकाला व्हेंट व्हॉल्व्ह असतो, तिथून बाहेरची ताजी हवा आत येते. १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२, म्हणजे गाडीने आपले बिघाड आपणच ओळखून कोडने नोंदवायची पद्धत, सक्तीची झाली आणि ही व्यवस्था गळते का हे गाडीने स्वतःच तपासायचं, असं ठरलं. सुरुवातीला साधारण एक मिलिमीटरचं भोक पकडायचं होतं. पुढे, २००० च्या सुमारापासून, अर्ध्या मिलिमीटरचं. अर्धा मिलिमीटर! झाकणाच्या रबरावर वाळूचा एक कण अडकला तरी तेवढी फट पडते.

भारतातून नव्याने आलेल्या मंडळींना हा दिवा परका वाटतो, कारण तिथल्या पेट्रोल गाड्यांत कॅनिस्टर असला तरी हा दिवा बहुतेक गाड्यांत नसतो. त्यामुळे तिकडच्या भावाला किंवा ओळखीच्या मेकॅनिकला फोन करून विचारलंत तर ‘झाकणाचा कसला दिवा?’ असंच उत्तर येणार. काही जण तर पेट्रोलच्या काट्याजवळचा छोटा बाण बघून घाबरतात. तो बाण इशारा नाही, टाकीचं तोंड गाडीच्या कुठल्या बाजूला आहे ते दाखवतो.

ही तपासणी गाडी कधी करते हे कळलं तर तुमचा अर्धा त्रास कमी होईल. कंपन्यांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. काही गाड्या चालू असतानाच व्हेंट व्हॉल्व्ह बंद करून पर्ज व्हॉल्व्हमधून इंजिनाच्या ओढीने टाकीत थोडी पोकळी तयार करतात आणि ती टिकते का बघतात. जीएम आणि फोर्डच्या पुष्कळ गाड्या इंजिन बंद झाल्यावर सगळं बंदिस्त करतात आणि तापलेली टाकी थंड होताना दाब कसा वर-खाली होतो त्यावरून निकाल देतात. काहींमध्ये त्यासाठी चक्क एक छोटा पंप असतो. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केल्यावर पाचएक तासांनी तो आपोआप चालू होतो. मध्यरात्री बंद गाडीतून घूं-घूं आवाज येतो म्हणून घाबरून फोन करणारे मला दर वर्षी भेटतात. त्यांना मी सांगतो, गाडी श्वास रोखून बघतेय, झोपा.

पद्धत कुठलीही असो, अटी साधारण सारख्याच. टाकी पाव ते पाऊण भरलेली हवी, अगदी रिकामी नको आणि काठोकाठही नको. चालू असताना तपासणाऱ्या गाड्या आधी रात्रभर उभ्या राहून पूर्ण थंड झालेल्या हव्यात. बाहेरचं तापमान फार कमी नको, फार जास्त नको. बऱ्याच गाड्या चारएक अंश सेल्सिअसच्या खाली ही तपासणी करतच नाहीत. उंच घाटमाथ्यावरही करत नाहीत. शिवाय पेट्रोल टाकीत डचमळत असेल, म्हणजे खड्डे, चढउतार, सारखे ब्रेक, तर चालू गाडीत तपासणी करणारे मॉडेल अर्ध्यावर सोडून देतात.

म्हणून झाकण घट्ट करून गाडी सुरू केली आणि अक्षरं तिथेच दिसली, यावरून काहीच सिद्ध होत नाही. गाडीने अजून फेरतपासणीच केलेली नाही. नुसत्या अक्षरांचा संदेश काही दिवसांच्या नेहमीच्या चालवण्यात जातो. काही निसानमध्ये तो बटण दाबून तेवढ्यापुरता घालवताही येतो, पण गळती असेल तर परत येतो. चेक इंजिनचा दिवा त्याहून हट्टी. तो सहसा सलग दोनदा बिघाड दिसल्यावर लागतो आणि तपासणी सलग तीनदा पास झाल्यावर विझतो. रोज ऑफिसला जाऊन येणाऱ्या माणसाला सप्टेंबरात याला आठवडा-दीड आठवडा पुरतो. जानेवारीत थंडीमुळे तपासणीच होत नसेल तर महिनाही लागतो. तुम्ही झाकण बसवून किती दिवस झाले, त्यातले किती दिवस टाकी पाव ते पाऊणच्या मध्ये होती, हे आधी मोजा.

आता झाकण हातात घ्या. लावून सोडू नका, दिवसाउजेडी काढून बघा. आतल्या बाजूला, आट्यांच्या वर, काळ्या रबराची गोल रिंग दिसेल. सगळी सील ती करते. बोटाचं टोक तिच्यावरून सावकाश पूर्ण फिरवा. चांगलं रबर मऊ आणि गुळगुळीत लागतं, दाबलं की दबतं आणि परत येतं. गेलेलं रबर कडक लागतं, त्यावर बारीक आडव्या भेगा असतात, किंवा एका जागी ते चपटं होऊन चकाकत असतं. भेग नुसत्या डोळ्याला दिसली नाही तर रिंग त्या जागी बोटांनी किंचित वाकवा, म्हणजे उघडते. मग टाकीच्या तोंडाची कडा बघा, जिथे हे रबर टेकतं ती. इथे हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे या कडेवर गंजाचे पापुद्रे धरतात. त्यावर नवं रबरही नीट बसत नाही. स्वच्छ, कोरड्या सुती फडक्याने दोन्ही पुसा. फडक्याला तांबूस भुकटी लागली तर मनात नोंद करून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तिसरी गोष्ट म्हणजे झाकणाला बांधलेली प्लास्टिकची दोरी. ती झाकण आणि तोंड यांच्यामध्ये अडकली की झाकण ‘टिक’ वाजूनसुद्धा नीट बसलेलं नसतं. असल्या गाड्या मी पुष्कळ बघितल्यात. दोरी खाली मोकळी सोडून झाकण लावा आणि त्यावर लिहिलंय तितक्या टिका होईपर्यंत फिरवा. कुणावर एक लिहिलेली असते, कुणावर तीन. त्यापुढे जोर काढून काही होत नाही, आतला खटका घसरतो तेवढंच. आणि रबरावर ग्रीस, व्हॅसलीन, खोबरेल तेल यातलं काहीही लावू नका. दोन दिवस बरं वाटतं, मग त्यावर धूळ बसते आणि रबर फुगतं.

तुमच्या राज्यात झाकणाच्या तक्रारीला आणखी एक कारण आहे. न्यू जर्सीत पंपावर स्वतः पेट्रोल भरायला १९४९ पासून कायद्यानेच मनाई आहे आणि ती टिकवून ठेवलेलं हे देशातलं एकमेव राज्य. म्हणजे झाकण उघडतो आणि लावतो तो पंपावरचा पोऱ्या. रांगेत सहा गाड्या उभ्या असताना तो झाकण अर्धवट फिरवून फ्लॅप लावतो, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. थंडीत आपण काच खाली करून कार्ड देतो आणि काच वर करतो, उतरून बघतो कोण? पावती हातात आली की खाली उतरा आणि झाकण स्वतः एकदा फिरवून बघा. आणखी एक, हीटर चालू राहावा म्हणून इंजिन सुरू ठेवून पेट्रोल भरून घेण्याची इथे अनेकांना सवय आहे. ते धोक्याचं तर आहेच, शिवाय तपासणी चालू असताना झाकण उघडलं गेलं की काही गाड्या तिथल्या तिथे मोठ्या गळतीचा कोड नोंदवतात.

रबर गेलं असेल तर झाकण बदला. ते पंधरा ते तीस डॉलरला मिळतं. इथे मी कंजूषपणा करू नका म्हणेन, तुमच्याच मॉडेलचं कंपनीचं किंवा नावाजलेल्या बनावटीचं घ्या. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं लिहिलेलं पाच डॉलरचं झाकण आट्यांना बसतं, पण त्याच्या आत जे छोटे व्हॉल्व्ह असतात ते वेगळ्या दाबाचे निघतात. झाकण म्हणजे नुसतं बूच नव्हे. टाकीत फार पोकळी झाली तर ते हवा आत घेतं, फार दाब झाला तर सोडतं. हे व्हॉल्व्ह अडकले तर रबर नवंकोरं असूनही झाकण गळतं, आणि ते बघून कळत नाही. म्हणूनच लाखभर मैल झालेल्या गाडीत रबर बरं दिसलं तरी, दिवा पहिल्यांदाच लागला असेल तर, झाकण बदलून बघायला माझी हरकत नसते. नव्या फोर्डसारख्या बिनझाकणाच्या तोंडाच्या गाड्यांत बदलायला झाकणच नाही. तिथे आतली झडप कचऱ्याने पूर्ण मिटत नसेल तर पुसून घ्यायची, आणि गाडीसोबत मिळालेलं नरसाळं आत घालून झडप दोन-चारदा उघड-मीट करायची.

आता कोडकडे वळू. गॅरेजने तुम्हाला कोडचा आकडा दिलेला नाही, हे मला खटकलं. वीस-पंचवीस डॉलरचा ओबीडी स्कॅनर घ्या, घरात दोन गाड्या असतील तर तो पहिल्याच वेळी वसूल होतो. पार्ट विकणारी बरीच मोठी दुकानंही फुकट वाचून देतात. पी०४५७ आला तर गाडी सरळ झाकणाचं नाव घेतेय. पी०४५५ म्हणजे मोठी गळती: झाकण उघडं, नळी निसटलेली, किंवा एखादा व्हॉल्व्ह उघडाच राहिलेला. पी०४४२ म्हणजे लहान गळती, मिलिमीटरभराची. पी०४५६ सर्वात त्रासदायक, अर्ध्या मिलिमीटरची. पी०४९६ आला तर झाकण विसरा, पर्ज व्हॉल्व्ह बंद होत नाहीये. पी०४४६ किंवा पी०४४९ व्हेंट व्हॉल्व्हकडे बोट दाखवतात, आणि जुन्या होंडांत येणारा पी१४५७ कॅनिस्टरच्या बाजूच्या गळतीचा असतो. तिथे बहुधा कॅनिस्टरला जोडलेला छोटा व्हेंट शट व्हॉल्व्ह गंजलेला निघतो, कॅनिस्टर नव्हे. कोडसोबत फ्रीज फ्रेमही वाचा. कोड नोंदला तेव्हा पेट्रोल किती होतं, तापमान किती होतं, हे त्यात असतं. पेट्रोल भरल्यानंतर लगेचच्या दिवसांत पी०४५५ किंवा पी०४५७ आला असेल तर झाकणावरचा संशय पक्का. पेट्रोल भरून दहा दिवस झाल्यावर, निम्म्या टाकीला पी०४५६ आला, तर झाकण निर्दोष असण्याची शक्यता जास्त.

यातल्या एकाही कोडचा अर्थ ‘कॅनिस्टर बदला’ असा होत नाही. कोड गळती आहे म्हणतो, कुठे आहे ते सांगत नाही. कोड वाचून थेट सर्वात महागड्या भागावर बोट ठेवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. लबाडी असेलच असं नाही. पुष्कळदा शोधायला वेळ नसतो, आणि संपूर्ण कॅनिस्टरचा संच बदलला की त्याच्यासोबतचे व्हॉल्व्ह आणि जोडही नवे येतात, गळती त्यातल्या कशात असेल तर सुटते. पण पैसे तुमचे जातात.

झाकण बदललं, टाकी अर्ध्यावर ठेवून दोन आठवडे चालवलं, तरी कोड तसाच असेल तर पुढचा संशयित पर्ज व्हॉल्व्ह. हा इंजिनाच्या खोलीतच, इनटेकजवळ (इंजिनात हवा जाते त्या वाटेजवळ) असतो, दोन नळ्या आणि एक प्लग, बहुतेक गाड्यांत हात सहज पोचतो. त्याचं एक लक्षण विचारा स्वतःला: पेट्रोल भरल्यानंतर गाडी सुरू व्हायला कुरकुरते का? स्टार्टर जास्त वेळ फिरतो, सुरू झाल्यावर क्षणभर थरथरते, मग ठीक? तसं असेल तर व्हॉल्व्ह उघडा अडकून भरतानाची वाफ इंजिनात शिरतेय. खात्री करायला सकाळी थंड इंजिन सुरू करा आणि कॅनिस्टरकडून येणारी नळी व्हॉल्व्हवरून काढून त्या तोंडावर बोट ठेवा. सुरू केल्या-केल्या तिथे ओढ जाणवायला नको. बोट खेचलं जात असेल तर व्हॉल्व्ह गेला. भाग तीस ते ऐंशी डॉलरचा, काम पंधरा मिनिटांचं. मी बदललेल्या कॅनिस्टरांपेक्षा पर्ज व्हॉल्व्ह कितीतरी जास्त असतील.

व्हेंट व्हॉल्व्ह गाडीच्या पोटाखाली, टाकीजवळ, मीठ-चिखलात. त्याचं लक्षण पंपावर दिसतं. नोझल सारखं खट्कन बंद पडतं, टाकी रिकामी असूनही पेट्रोल आत जात नाही, कारण आतली हवा बाहेर पडायला वाट नाही. ती वाट धूळ, गंज किंवा किडे बुजवतात. किडे म्हटल्यावर हसू येईल, पण २०११ साली माझदाने कोळ्यांपायी अमेरिकेतल्या हजारो माझदा ६ गाड्या परत बोलावल्या होत्या. यलो सॅक नावाचा कोळी कॅनिस्टरच्या हवेच्या नळीत जाळं विणायचा, नळी तुंबायची आणि टाकीत पोकळी वाढून ती चिरण्याची भीती होती. २०१४ मध्ये त्याच कारणाने पुन्हा बोलावणं झालं. या कोळ्याला पेट्रोलचा वास आवडतो म्हणे!

मघाशी फडक्याला तांबूस भुकटी लागली होती का? मग टाकीत पेट्रोल नेणारा धातूचा नळ, फिलर नेक, तपासायला सांगा. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत दहा वर्षांच्या गाडीला तो मागच्या चाकाच्या आतल्या प्लास्टिकमागे गंजून भोक पडलेला सापडणं ही नित्याची गोष्ट आहे. तिथे मीठमिश्रित चिखल साचून राहतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तुमची गाडी २०१५ ची आणि इतकी वर्षं न्यू जर्सीतच असेल तर माझ्या यादीत हा नळ कॅनिस्टरच्या बराच वर आहे. पंपावर टाकी काठोकाठ भरताना चाकाजवळ वास येत असेल तर आणखीनच वर.

इथवर घरच्या घरी निदान झालं नाही तर स्मोक टेस्ट करून घ्या. सायकलच्या दुकानात ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा कुठून येतो बघतात, तसंच काम हा धूर करतो. खनिज तेलाचा दाट पांढरा धूर अगदी हलक्या दाबाने नळ्यांत सोडतात, व्हेंट व्हॉल्व्ह स्कॅनरने बंद करतात, आणि टॉर्च घेऊन धूर कुठून डोकावतो ते शोधतात. बारीक गळतीला धूर दिसायला दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात, घाईघाईने केलेली टेस्ट निरुपयोगी. आमच्या भागात याचे साधारण शंभर ते दीडशे डॉलर घेतात. कंप्रेसरची हवा भरून गळती शोधायचा उद्योग मात्र कुणी करू नये. टाकीत वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं, आणि दाबाने टाकीचे जोड सुटतात ते वेगळंच. तुमच्या गॅरेजला एकच वाक्य विचारा: ‘स्मोक टेस्ट केलीत का, आणि धूर कुठून आला ते मला दाखवता का?’ धूर कॅनिस्टरच्या चिरेतून निघताना तुमच्या डोळ्यांनी दिसला, तर बदला, माझी ना नाही. उत्तर टाळलं, तर गाडी घेऊन बाहेर पडा.

कॅनिस्टर खरोखर बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा माणसानेच तो बिघडवलेला असतो. नोझल आपोआप बंद झाल्यावरही ‘अजून थोडं’ म्हणत वर-वर भरलं की पातळ पेट्रोल कोळशात शिरतं. कोळसा वाफेसाठी आहे, पेट्रोलसाठी नाही. भिजलेला कोळसा फुटून त्याची पूड होते आणि ती पुढे व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकते. पुण्या-मुंबईत पंपावर ‘राउंड फिगर करू का?’ म्हणून विचारतात आणि आपण मान हलवतो, ती सवय इथे येताना आणू नका. खरं तर तिथेही सोडा. तुमच्या पोऱ्यालाही सांगून ठेवा, पहिल्या खटक्याला थांब.

इन्स्पेक्शन. न्यू जर्सीत चेक इंजिनचा दिवा चालू असेल तर गाडी नापास होते, तेव्हा तो जायलाच हवा. पण आदल्या दिवशी स्कॅनरने कोड पुसून किंवा बॅटरीची तार काढून जाऊ नका. कोड पुसला की गाडीच्या सगळ्या स्वयंतपासण्या कोऱ्या होतात आणि मशीनला ते लगेच कळतं. केंद्रीय मार्गदर्शनाप्रमाणे २००१ आणि त्यानंतरच्या गाडीची एक स्वयंतपासणी अपुरी राहिलेली चालते, जास्त असल्या तर परत पाठवतात. ही एक सवलत तुमच्या कामाची आहे. वाफेच्या गळतीची तपासणी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात नखऱ्याने पूर्ण होते. दुरुस्ती झाल्यावर कोड पुसा, आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा, त्यात एक-दोनदा हायवेवर वीसेक मिनिटं एकाच वेगाने, आणि स्कॅनरवर बघा. बाकी सगळं ‘रेडी’ आणि फक्त ईव्हॅप (वाफेच्या गळतीची तपासणी) अपूर्ण असेल तर इन्स्पेक्शनला जाता येतं. पण खरी दुरुस्ती न करता या सवलतीच्या आडून निसटू म्हणाल तर आठवड्या-दोन आठवड्यांत दिवा परत येतो. २०१० नंतरच्या गाड्यांत कायमचे कोड नावाचा प्रकारही आहे. ते स्कॅनरने पुसले जात नाहीत, तपासणी पास झाल्यावर गाडीच ते काढते. कॅलिफोर्नियातले नातेवाईक असतील तर त्यांना सांगा, तिथे ते इन्स्पेक्शनमध्ये बघतात.

खर्च करण्याआधी बॉनेट उघडून उत्सर्जनाचं स्टिकर वाचा. त्यावर पीझेव्ह (PZEV, म्हणजे अंशतः शून्य-उत्सर्जनाची गाडी) असं लिहिलेलं असेल, आणि गाडी कॅलिफोर्नियाचे नियम मानणाऱ्या राज्यात नोंदलेली असेल, तर वाफेच्या व्यवस्थेची वॉरंटी १५ वर्षं किंवा दीड लाख मैलांची असते. न्यू जर्सी २००९ च्या मॉडेलपासून अशा राज्यांत आहे. डीलरकडे फोन करून गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक) द्या आणि हे नाव घेऊन विचारा, आपणहून कोणी सांगत नाही. २०१५ ची लाखभर मैलांची गाडी या मुदतीत बसत असेल तर कॅनिस्टरसकट सगळं फुकटात होईल.

तेव्हा आज झाकण काढून रबर बघा, कोडचा आकडा मिळवा, फ्रीज फ्रेममधलं पेट्रोल आणि तापमान लिहून घ्या. त्या तीन गोष्टी कळवल्यात तर पर्ज व्हॉल्व्हकडे जायचं की फिलर नेककडे, हे मी नेमकं सांगू शकेन.